आजोबांच्या हत्यारांवरचा गंज काढायचा कसा, आणि पुढच्या पावसात तो परत येऊ नये म्हणून काय करायचं?

नातू_मिस्त्रीचा

मंडळी, सल्ला हवाय.

गणपतीला गावी गेलो होतो, सावंतवाडीजवळ. आमचे आजोबा सुतार. ते गेल्याला नऊ वर्षं झाली आणि माळ्यावरची त्यांची हत्यारांची पेटी तेव्हापासून कुणी उघडलेली नव्हती. मी ठाण्यात दिवसभर संगणकापुढे बसणारा माणूस. लाकूडकामाचा नाद लागून दोनच वर्षं झालीत, तोही बाल्कनीत. या वेळी पेटी खाली काढली, झाकण उघडलं, तर आत सगळं तांबडंलाल.

बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, दोन रंधे आहेत, एकावर ‘रेकॉर्ड’ आणि ‘शेफील्ड’ एवढं वाचता येतं. शिवाय एक लाकडी रंधा, सहा पटाश्या (लाकूड खोदायच्या सपाट छिन्न्या), एक वाकस (लाकूड तासायचं हत्यार), तीन गिरमिटं, दोन हातकरवती, चार-पाच कानशी आणि काटकोन तपासायचा एक गुण्या. पटाश्या आजोबांनी जुन्या गंजीफ्रॉकात गुंडाळून ठेवल्या होत्या. आता गंजीफ्रॉक कुठे संपतं आणि गंज कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही.

पेटी ठाण्याला आणली आहे. आई म्हणते भंगारवाल्याला दे. ऑफिसातला एक मित्र म्हणतो टॉयलेट क्लीनर ओत, अर्ध्या तासात चकाचक. हत्यारं मला वापरायची आहेत, शोकेसमध्ये ठेवायची नाहीत. सुरुवात कुठून करू?

भुशाचा_ढीग

टॉयलेट क्लीनर नको. हात जोडून सांगतो.

त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. गंज जातो हे खरं, पण त्याची वाफ सुटते आणि ती आसपासच्या सगळ्या लोखंडावर जाऊन बसते. मी हा पराक्रम केलेला आहे. बाकाचा जुना व्हाइस बादलीत बुडवून शेडचं दार लावून घरी गेलो. सकाळी व्हाइस खरंच छान निघाला होता. पण सहा फुटांवर टांगलेली ड्रिलची बिटं, दोन गुण्ये आणि महिन्याभरापूर्वी घेतलेली करवत यांच्यावर नारिंगी लव उठलेली. एकाला बरं करायला गेलो आणि वॉर्ड आजारी पाडला.

शिवाय त्यातला क्लोराइड बारीक खड्ड्यांमध्ये अडकून राहतो, त्यामुळे साफ केलेली वस्तूही पुन्हा लवकर गंजते. आणि त्या बादलीत चुकून ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरिन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये हा खेळ करू नका.

निवृत्त_मिस्त्री

झिला, पेटी भंगारात दिलंस तर आजो स्वप्नात येतलो.

पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. घाई करू नकोस. आधी प्रत्येक हत्यार हातात घेऊन बघ की गंज वरवरचा आहे की आत शिरलाय. जुन्या ब्लेडने हलकं खरवड. भुकटी निघाली आणि खाली काळपट लोखंड सपाट लागलं तर चिंता नाही. खाली खड्डे लागले तर ते कुठे आहेत ते महत्त्वाचं.

पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला दोन बाजू. एक उतरती, एक सपाट. त्या सपाट बाजूला आम्ही पाठ म्हणतो. धार म्हणजे या दोन बाजू जिथे मिळतात ती रेघ. पाठीवर धारेशी खड्डा असेल तर निसण्यावर दिवसभर घास, तिथे धार तुटकच येणार. लाकडावर रेघोट्या उठतील. अशा वेळी खड्ड्याच्या मागे जाईपर्यंत पातं पुढून घासून कमी करावं लागतं. खड्डा मधोमध किंवा मुठीजवळ असेल तर राहू दे बिनधास्त. पूर्ण पाठ आरशासारखी करायचा हट्ट धरू नकोस. धारेलगतचा बोटभर भाग सपाट झाला की झालं.

त्यासाठी किचन ओटेवाल्याकडून ग्रॅनाइटचा तुकडा आण, फुकट देतात. त्यावर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटव. आधी २२० नंबरचा, मग ४००, मग ८००.

आणि एक. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पात्यावर धरू नको. टोक पातळ असतं, बघता बघता तापतं. पोलाद निळं पडलं म्हणजे ते ३०० अंशांच्या आसपास गेलं, आणि पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. मग ती पटाशी डब्याची झाकणं उघडायला ठेव. हाताला चटका बसायच्या आधी पाण्यात बुडवायची, हा साधा नियम.

गुण्याला कागद लावूच नकोस. तेल लावलेल्या कापडाने नि भांड्याच्या घासणीने हळू पूस. त्याचा काटकोन गेला तर सगळंच गेलं.

रसायन_आणि_रद्दी

निवृत्त मिस्त्रींनी हाताचं सांगितलं, मी बादलीचं सांगतो.

गंजाला लोखंड, प्राणवायू आणि पाणी लागतं. पाणी म्हणजे वरून गळलेलंच हवं असं नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि काम सुरू होतं. कोकणात जुलैमध्ये ती ८५-९० टक्के असणं ही रोजची गोष्ट. त्यात गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा हवेला उघडं पडतं. ॲल्युमिनियमवरचा थर घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूला राखतो. लोखंडाच्या नशिबात ते नाही.

आता उपाय. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम. प्लास्टिकचा टब घ्या, ॲल्युमिनियमचं पातेलं नको. हत्यार आधी साबणाने धुऊन तेलकटपणा काढा, नाहीतर द्रावण लागतच नाही. मग बुडवा. दर तासा-दोन तासांनी काढून घासणीने घासा. वरवरचा गंज तीन-चार तासांत जातो, जाड असेल तर रात्रभर. दोन-तीन दिवस विसरू नका, कारण गंज संपला की ॲसिड लोखंडाकडे वळतं आणि पृष्ठभाग करडा, खरबरीत होतो.

याहून सौम्य पाकृ हवी असेल तर: एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्व, त्यात ४० ग्रॅम धुण्याचा सोडा. खाण्याचा नव्हे. चमच्या-चमच्याने घाला आणि भांडं मोठं घ्या, फसफसून वर येतं. शेवटी भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. सोड्यामुळे आंबटपणा मरतो पण सायट्रेट राहतं, आणि ते सायट्रेट गंजातलं लोखंड पकडून पाण्यात नेतं. चांगल्या लोखंडाला त्रास कमी. मी हेच वापरतो.

पथ्यं: रंध्यावर पितळेचं चाक असेल तर काढून ठेवा, ॲसिडमध्ये पितळ गुलाबी पडतं. करवतीच्या मुठीचे पितळी स्क्रूही तसेच. जस्ताचा मुलामा असलेली वस्तू टाकू नका, मुलामा विरघळेल. लाकडी मूठ निघत नसेल तर पटाशी उंच बाटलीत उभी करा, पाणी मुठीच्या कड्याच्या खाली राहील इतपत. बिडाचा रंधा बाहेर काढल्यावर काळी शाई सुटल्यासारखं दिसेल. घाबरू नका. बिडात तीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, त्याचं ते काजळ. घासलं की जातं.

कानशी मात्र खुशाल टाका. ॲसिड दातांमधली घाण खातं आणि जुनी कानस थोडी धारदारही होते. फुकटचा फायदा.

गुऱ्हाळातून

आमच्याकडे कोल्हापूरला याचा देशी उपाय आहे, काकवी. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी. लोखंड त्यात दोन-तीन आठवडे विसरून जायचं. गंज लोण्यासारखा निघतो, धातूला इजा नाही. बैलगाडीच्या धावेपासून ते चुलत्यांच्या जुन्या व्हाइसपर्यंत सगळं केलंय.

रांधा_आणि_रंधा

काकवी भाकरीबरोबर खायची सोडून लोखंडाला पाजायची? पाप लागेल हो!

गुऱ्हाळातून

ताई, खायची वेगळी, तळाची करपलेली वेगळी. कारखान्याची मळी स्वस्त पडली असती, पण तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचा पहारा, सामान्य माणसाला बादलीभर मळी सहजासहजी मिळत नाही. धागाकर्त्यांना मात्र एक इशारा: ठाण्याच्या बाल्कनीत हा प्रयोग करू नका. दुसऱ्या आठवड्यात ते आंबतं. मुंग्या, माश्या आणि सोसायटीचे सेक्रेटरी, याच क्रमाने येतात.

नातू_मिस्त्रीचा

सगळ्यांचे आभार. शनिवारी रसायनभाऊंच्या दुसऱ्या पाकृने तीन पटाश्या आणि लहान रंध्याचं पातं करून पाहिलं. पाच तासांत गंज गेला! एका पटाशीवर ‘कास्ट स्टील’ अशी अक्षरं निघाली, नऊ वर्षं कुणाला दिसली नव्हती.

पण पुढे वाचा. नळाखाली धुतल्या, टॉवेलने पुसल्या, ओट्यावर ठेवल्या आणि फोन आला म्हणून आत गेलो. वीस मिनिटांनी येऊन बघतो तर तिन्ही पुन्हा नारिंगी! पहिल्यापेक्षा फिकट, पण गंजच. माझं काय चुकलं?

भुशाचा_ढीग

फोन घेतलात हे चुकलं.

रसायन_आणि_रद्दी

अगदी बरोबर :) ॲसिडमधून निघालेलं लोखंड इतकं कोरं असतं की ओलं असतानाच पुन्हा गंजू लागतं. पाण्यातून काढल्यापासून तेल लागेपर्यंतची दहा मिनिटं हाच या सगळ्या कामातला नाजूक भाग आहे. लोक भिजवण्याच्या पाककृतींवर भांडतात आणि इथे हरतात.

असं करा. हाताशी सगळं मांडून ठेवा आणि मगच बादलीत हात घाला. एक: साध्या पाण्याने धुणं. दोन: चमचाभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुचकळणं, म्हणजे उरलेलं ॲसिड मरतं. तीन: कढत पाणी, अगदी चहाला ठेवतो तसं. लोखंड तापलं की बाहेर काढल्यावर पाणी आपोआप उडून जातं. जाड पटाशी असेल तर मिनिटभर तिथेच राहू द्या. चार: कोरडं कापड, मग हेअर ड्रायर, फटीत आणि मुठीच्या खाचेत. पाच: गरम असतानाच तेल. पुसणं आणि तेल यांच्यामध्ये काहीही येऊ द्यायचं नाही. फोनही नाही.

नारिंगी थर आलाच असेल तर पुन्हा भिजवायची गरज नाही. तेल आणि घासणीने निघेल.

निवृत्त_मिस्त्री

हेअर ड्रायर आमच्यावेळी नव्हता. आम्ही चुलीच्या वैलावर धरत होतो. चालायचं.

विजेरी

रंध्यांच्या बिडाच्या अंगासाठी वीज वापरायचा विचार करा. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, लिटरमागे एक सपाट चमचा धुण्याचा सोडा. गाडीच्या बॅटरीचा जुना १२ व्होल्टचा चार्जर. उणे टोक हत्याराला, अधिक टोक एखाद्या लोखंडी तुकड्याला, उदाहरणार्थ बांधकामावरची उरलेली सळई. ही टोकं उलटी लावलीत तर हत्यारच विरघळायला लागेल, म्हणून दोनदा बघा. बुडबुडे निघतात, गंज सैल होतो, काळा चिखल होऊन ब्रशने निघतो. चांगल्या लोखंडाला अजिबात धक्का नाही, विसरून दुसऱ्या दिवशी आलात तरी चालतं.

खबरदारी घ्याल तेवढी कमी. सळईऐवजी स्टेनलेस स्टीलचा चमचा-ताटली वापरू नका. त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं, तेही कर्करोगाला कारण होणाऱ्या रूपात. सोड्याऐवजी मीठ टाकू नका, क्लोरिन निघतो. जे बुडबुडे दिसतात त्यात हायड्रोजन असतो, म्हणून उघड्यावर करा आणि जवळ बिडी पेटवू नका. पाण्यात हात घालायच्या आधी चार्जर बंद. आणि नवे ‘स्मार्ट’ चार्जर समोर बॅटरी नसली तर सुरूच होत नाहीत, त्यामुळे जुना, मठ्ठ चार्जर शोधा.

एक तोटा: जुन्या रंध्यांवर जो काळा चकचकीत लेप असतो तो विजेच्या बादलीत सुटू शकतो. ‘रेकॉर्ड’चे रंधे निळे असायचे, तोही रंग जाईल.

रसायन_आणि_रद्दी

सहमत, फक्त करवतीची पाती आणि पातळ कडक पोलाद विजेच्या बादलीत टाकू नका. तीव्र ॲसिडमध्येही नको. हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करू शकतो. पटाशीला धोका कमी, पण वाकवून वापरायच्या पात्याला उगाच कशाला?

इतिहासाचा_तास

इतकं सगळं करताय, आणि आपल्या दिल्लीच्या लोहस्तंभाला सोळाशे वर्षांत गंज नाही! त्या लोहारांना विचारा म्हणावं.

भुशाचा_ढीग

आला लोहस्तंभ. मी वाटच बघत होतो.

रसायन_आणि_रद्दी

येऊ दे, त्याचा इथे थोडा संबंध आहे. सात मीटरचा, सहा टनांहून जड स्तंभ आहे तो. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यावर बरंच काम केलं. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण आजच्या पोलादापेक्षा बरंच जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर लोह-फॉस्फेटचा पातळ, घट्ट थर तयार झाला. दिल्लीची कोरडी हवा मदतीला होतीच. तो वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उभा असता तर काय झालं असतं यावर मी पैज लावणार नाही.

हार्डवेअरच्या दुकानात ‘रस्ट कन्व्हर्टर’ म्हणून मिळतं त्यात बऱ्याचदा फॉस्फोरिक ॲसिड असतं. ते गंजावर लावलं की काळपट फॉस्फेट तयार होतं. गेट, ग्रिल, यंत्राचे पाय यांच्यासाठी उत्तम, वरून रंग मारायचा. पात्याला आणि रंध्याच्या तळाला मात्र लावू नका, तिथे आपल्याला कोरं धातूच हवं.

खारा_वारा

गोव्यातून लिहितोय. माझी शेड समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. इथे पावसाळा हा एकटा शत्रू नाही, मीठ आहे. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, ७५ टक्के आर्द्रतेला ते स्वतःच विरघळून लोखंडावर खारट पाण्याचा थर करतं. डिसेंबरातल्या कोरड्या दिवसांतही संध्याकाळी वारा समुद्राकडून आला की हे होतं. म्हणून मी तेल लावण्याआधी हत्यारं साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसतो, मग कोरड्या, मग तेल. मिठावर तेल लावणं म्हणजे चोराला घरात घेऊन कडी लावणं.

तुमच्या हाताच्या घामातही मीठ असतं. माझ्याकडच्या एका मुलाच्या हाताला इतका घाम की त्याने दुपारी धरलेल्या रंध्यावर सकाळी पाचही बोटं उमटलेली दिसायची. त्याला आम्ही कामाचं फडकं कायमचं खांद्यावर दिलं.

रांधा_आणि_रंधा

माझा अनुभव यंत्रांचा. पुण्यात लहानसं वर्कशॉप आहे, टेबल सॉ आणि प्लॅनर. दोन्हीची टेबलं बिडाची. पुण्याची हवा कोकणापेक्षा पुष्कळ कोरडी, तरी वळवाच्या पावसानंतर सकाळी शटर उघडलं की टेबलावर घाम. रात्रभर थंड झालेलं बीड आणि आत शिरणारी दमट गरम हवा, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब येतात तसंच. आता मी सकाळी आल्या आल्या शटर पूर्ण उघडत नाही, आधी पंखा लावते.

टेबलाला तेल नको, भुसा चिकटून लगदा होतो आणि तेल लाकडावर उतरतं. मेण लावा. मधमाशीचं मेण एक भाग, टर्पेंटाइन तीन भाग. पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून मेण वितळवायचं, गॅस बंद करून लांब नेऊन मगच टर्पेंटाइन ओतायचं. गॅसवर ओतणाऱ्याच्या भुवया जातात. लावा, दहा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने चोळून काढा. लाकूडही छान सरकतं. सिलिकॉनचा स्प्रे मात्र नको. तो लाकडाला लागला की पॉलिश माशाच्या डोळ्यांसारखं फुटतं, आणि ते दुरुस्त करताना रडू येतं.

न्यू_जर्सीकर

+१. आमच्याकडे बर्फ वितळायला लागला की गॅरेजमध्ये अगदी हेच. लोखंड अजून हिवाळ्यात, हवा वसंतात. मी हत्यारांच्या कपाटात एक लहान हीटर-रॉड कायम लावून ठेवतो. आतली हवा बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंश गरम राहिली तरी दंव पडत नाही.

निवृत्त_मिस्त्री

आमचे मालक लोणच्याच्या कपाटात पंधरा वॅटचा दिवा ठेवायचे ते याचसाठी. लोणचं आणि रंधा, दोघांनाही ओल चालत नाही.

नातू_मिस्त्रीचा

आता माझा खरा प्रश्न. साफ केलेली पेटी पुन्हा गावी न्यायची आहे, कारण तिथे आजोबांच्या पडवीत काम करायचं मनात आहे. पण मी वर्षातून तीनदाच जातो. जून ते सप्टेंबर पेटी बंद. तिथे वीज असते-नसते, दिवा-हीटर जमणार नाही. खोबरेल लावू का? आजोबा लावायचे असं आठवतं. काहीजण पेटीत कापूर ठेवा म्हणतात.

निवृत्त_मिस्त्री

आजोबा खोबरेल लावायचे कारण ते रोज हत्यार वापरायचे. रोज पुसलं जायचं, रोज नवं लागायचं. चार महिने तसंच ठेवलंस तर ते खवट होतं, चिकट होतं, वर बुरशीही धरते. जवसाचं तर त्याहून वाईट, वाळून वार्निश होतं. शिलाई मशीनचं तेल घे. थंडीच्या चार दिवसांना पुरेल. चार महिन्यांना मेण किंवा ग्रीसचा पातळ थर.

कापूर मीही ठेवायचो, माझे वडीलही ठेवायचे. वाळवी-झुरळाला चांगला. गंजाला किती उपयोग, देवास ठाऊक. दोन महिन्यांत उडून जातो.

आणि कापडात गुंडाळू नको. कापड ओल धरून ठेवतं. आजोबांच्या गंजीफ्रॉकाने नऊ वर्षं तेच केलं. चामड्याचं म्यानही नको, चामडं कमावताना लावलेली द्रव्यं लोखंडाला लागतात.

भुशाचा_ढीग

चाकण किंवा भोसरीला कुणी ओळखीचं असेल तर व्हीसीआय पेपर मिळवा. बेअरिंग आणि इंजिनाचे भाग ज्या कागदात गुंडाळून येतात तो. त्यातून हळूहळू वाफ निघून धातूवर संरक्षक थर बसतो. अट एकच, डबा घट्ट बंद हवा. आजोबांच्या पेटीला फटी असतील तर आत झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवा. त्यातच सिलिका जेलची पाकिटं. निळी गोळी गुलाबी झाली की तव्यावर मंद गरम करून पुन्हा निळी होते. उघड्या पेटीत सिलिका जेल ठेवणं म्हणजे सगळ्या कोकणाची हवा वाळवायला बसणं.

निळ्या डब्यातला तो प्रसिद्ध स्प्रे, डब्ल्यूडी-४०, मात्र पावसाळ्यासाठी पुरेसा समजू नका. १९५३ साली अमेरिकेत क्षेपणास्त्रांसाठी बनवला, नावातच ‘पाणी हटवणारा, चाळिसावा प्रयोग’ असं आहे. पाणी हटवायला उत्तम, थर मात्र फार पातळ राहतो.

रांधा_आणि_रंधा

जाता जाता, खंडेनवमी जवळ आलीय. दरवर्षी कुणीतरी हे विसरतं म्हणून सांगते. हत्यारं पुसून, तेल लावून पूजा करतो ते छानच. पण आपण वर हळद-कुंकू, पाणी, अक्षता आणि झेंडूची ओली फुलं ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सोन्याच्या गडबडीत ती तशीच राहतात. मागच्या वर्षी माझ्या रंध्याच्या तळावर झेंडूच्या आकाराचा काळा डाग पडला, अजून आहे. आता मी हत्यारांवर आधी मेण चोळते, आणि कुंकू मुठीला लावते, पोलादाला नाही. देवीची काही हरकत दिसली नाही.

खारा_वारा

आमचे मिस्त्री विश्वकर्मा जयंतीला तेच करतात. मुठीलाच गंध.

नातू_मिस्त्रीचा

अपडेट, दसऱ्याचा.

सगळं साफ झालं. रंधे विजेच्या बादलीत न घालता लिंबूसत्वातच केले, निळा रंग थोडा वाचला. एका पटाशीच्या पाठीवर धारेशी खड्डा निघाला, मिस्त्रीकाका म्हणाले तसाच. पुढून जवळपास तीन मिलिमीटर घासली तेव्हा गेला. तीन संध्याकाळी गेल्या, ग्रॅनाइट पोकळ होतो की काय वाटलं. वाकसावर आजोबांनी छिन्नीने ठोकलेलं एक अक्षर सापडलं, ‘ग’. आजीचं नाव ‘ग’वरून.

मे महिन्यात पेटी गावी नेईन. तेव्हा प्रयोग करतोय: दोन पटाश्यांना मेण, दोनांना शिलाई मशीनचं तेल आणि व्हीसीआय पेपर बंद डब्यात, एकीला मुद्दाम खोबरेल, आणि एकीला फक्त कापूर. पेटीत पटाश्या उभ्या राहतील अशी खाचांची लाकडी फळी स्वतः करतोय, गुंडाळागुंडाळी नको. निकाल पुढच्या गणपतीत.

इतिहासाचा_तास

वाचनखूण साठवली.

नातू_मिस्त्रीचा

अकरा महिन्यांनी धागा वर काढतोय. निकाल.

बंद डब्यातल्या दोन्ही पटाश्या ठेवल्या तशाच निघाल्या, एक ठिपका नाही. खोबरेलवाली चिकट, वर करडी बुरशी, वास विचारू नका. पण पुसल्यावर खाली गंज फारसा नव्हता, हे आजोबांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. कापूरवाली तांबडी. कापूर अर्थात उडून गेलेला.

मेणवाल्या दोघींनी मात्र चकवलं. पात्याचा वरचा सगळा भाग उत्तम, पण फळीच्या खाचेत जो भाग होता तिथे आडवा पट्टा, निळा-काळा आणि खाली गंज. दोघींना एकाच उंचीवर. मेण तर तिथेही लावलं होतं. असं का व्हावं?

रसायन_आणि_रद्दी

निळा-काळा रंग म्हणजे लोखंड आणि टॅनिन. जुन्या काळची शाई याच दोघांपासून व्हायची. खाचेत आत-बाहेर करताना मेण घासलं गेलं असणार आणि दमट लाकूड थेट पोलादाला टेकलं. फळी कसल्या लाकडाची होती?

नातू_मिस्त्रीचा

ऐनाची. पडवीत पडलेली होती, छान टणक वाटली.

निवृत्त_मिस्त्री

ऐन! झिला, ऐनाच्या सालीने कातडी कमावतत. ती फळी काढ आधी. सागाचो तुकडो घे, आणि खाचा करूच्या आधी महिनाभर उन्हात सुकव.

नातू_मिस्त्रीचा

साग आहे घरात, पण ओटीवरच्या जुन्या पाटाचा. आजी देईल असं वाटत नाही.